नकोसं झाड आणि धोकादायक झाड: संशोधनाचा प्रश्न नेमका कुठे सुरू होतो?

मे महिना संपत आला की कोकणात घरोघरी एक वाक्य ऐकू येतं: "यंदा पावसाआधी ते झाड काढून टाकू या." झाड कुणाच्या तरी आजोबांनी लावलेलं असतं, नाहीतर आपोआप उगवलेलं. आता ते घराच्याही वर गेलेलं असतं. फांद्या कौलांवर, पत्र्यावर, विजेच्या तारांवर आलेल्या असतात. ओटीवर बसून दहा मिनिटांत निर्णय होतो आणि दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडवाल्याला निरोप जातो.

पीएचडीच्या मुलाखतीची किंवा संशोधन प्रस्तावाची तयारी करणाऱ्यांनी या वाक्याकडे जरा थांबून बघावं, असं मला वाटतं. प्रयोगशाळा नको, महागडं यंत्र नको, तरी संशोधनातल्या बहुतेक मूलभूत अडचणी या एका वाक्यात आहेत: शब्दांची व्याख्या, मोजमाप, तुलना, नमुन्याची निवड, पूर्वग्रह. आणि चुकलं तर किंमत खरी असते. एका बाजूला माणसाचा जीव आणि डोक्यावरचं छप्पर, दुसऱ्या बाजूला चाळीस-पन्नास वर्षं वाढलेलं झाड. ते एकदा पाडलं की आपल्या हयातीत तेवढं दुसरं उभं राहत नाही.

उदाहरणासाठी हमरापूर घेऊ. पेण तालुक्यातलं, पनवेल-रोहा रेल्वेमार्गावरचं हे गाव गणपतीच्या मूर्तींसाठी ओळखलं जातं. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या पट्ट्यात मूर्तींचे कारखाने आहेत, आणि 'कारखाना' म्हणजे बऱ्याचदा घराला लागून उभारलेली पत्र्याची शेड. समजा, अशाच एका शेडच्या कडेला विलायती शिरीष आहे, ज्याला आपण रेन ट्री म्हणतो. उंची १५ मीटर, छातीच्या उंचीवर बुंध्याचा व्यास ८० सेंटीमीटर. घरातले म्हणतात, काढायचं. तुमच्याकडे सल्ला मागितलाय. काय कराल?

आधी शब्द वेगळे करा

घरातल्यांना कारणं विचारा. एक म्हणेल, पानं आणि शेंगा पडून पन्हळ तुंबतं. दुसरा म्हणेल, सावलीमुळे शेडमध्ये ओल राहते, मूर्ती लवकर वाळत नाहीत. तिसरी म्हणेल, गाडी लावायला जागा हवी. आणि मग कुणीतरी म्हणेल, "शिवाय ते धोकादायक आहे."

पहिली तीन कारणं 'नकोसं' या सदरात येतात. ती खोटी नाहीत, क्षुल्लकही नाहीत. मूर्ती न वाळणं म्हणजे थेट पोटावर पाय. पण 'नकोसं' हा आपल्या पसंतीचा आणि सोयीचा निर्णय आहे. तो घरच्यांनी आणि कायद्याने मिळून ठरवायचा. 'धोकादायक' हे मात्र जगाविषयीचं विधान आहे. ते खरं किंवा खोटं असू शकतं, म्हणून त्याला पुरावा लागतो.

प्रत्यक्षात काय होतं? झाड नकोसं असतं, पण नुसतं नकोसं म्हटलं तर शेजारी कुरकुरतात, परवानगी देणारा प्रश्न विचारतो, स्वतःलाही थोडं टोचतं. मग नकोसं झाड हळूच धोकादायक होतं. निष्कर्ष आधी ठरतो आणि पुरावा मागून गोळा होतो. बुंध्यावर वाळवीची माती दिसली की "बघा, आतून पोखरलंय." खरं तर वाळवी पुष्कळदा सालीच्या बाहेरच्या मेलेल्या थरावरच असते. त्यावरून आतल्या कुजीबद्दल काही ठरत नाही.

संशोधन प्रस्तावातही हेच घडतं. आपल्याला एखादी पद्धत आवडलेली असते, मग ती वापरता येईल असा 'प्रश्न' आपण शोधतो. म्हणून पहिली सवय ही लावा: आपल्या प्रश्नातला कुठला भाग पसंतीचा आहे आणि कुठला तपासण्याजोगा आहे, हे दोन वेगळ्या ओळींत लिहून काढा.

धोका म्हणजे तीन प्रश्न

आता तपासण्याजोगा भाग घेऊ. झाडांच्या धोक्याचं मूल्यमापन करणारे 'धोका' हा शब्द तीन तुकड्यांत मोडतात. एक: ठरावीक काळात झाड किंवा मोठी फांदी मोडण्याची शक्यता किती? दोन: मोडलीच, तर ती कुणावर किंवा कशावर पडण्याची शक्यता किती? तीन: पडलीच, तर नुकसान किती? ब्रिटनमध्ये माईक एलिसन यांनी २००५ मध्ये याच तुकड्यांना आकडे देऊन त्यांचा गुणाकार करण्याची पद्धत मांडली.

या मांडणीचा फायदा लगेच दिसतो. माळावरचं पोकळ झाड मोडण्याची शक्यता मोठी, पण खाली कुणी नाही, म्हणून धोका लहान. उलट, ठणठणीत दिसणारं झाड रोज माणसं बसतात त्या जागेवर असेल, तर बारीकशी शक्यताही विचारात घ्यावी लागते. म्हणजे धोका एकट्या झाडात नसतो. झाड, जागा आणि माणसांचा वावर यांच्या नात्यात तो असतो.

आता इथली गोम बघा. समजा शेडमध्ये दिवसाचे दहा तास माणसं असतात. मग 'झाड पडेल तेव्हा खाली कुणी असेल' याची शक्यता २४ पैकी १०, म्हणजे साधारण ०.४२ धरायची का? हे धरताना आपण गुपचूप मान्य करतो की झाड पडण्याची वेळ आणि माणसं असण्याची वेळ यांचा एकमेकींशी संबंध नाही. अंगणातल्या बाकाबाबत संबंध आहे, आणि तो आपल्या सोयीचा आहे. वादळी पावसात बाकावर कुणी बसत नाही, म्हणून धोका हिशेबापेक्षा कमी. हमरापूरच्या शेडबाबत तो उलटा आहे. झाडं पडण्याचा मोसम जून ते ऑगस्ट, आणि गणपतीआधी कामाची घाई असते तीही याच महिन्यांत. बाहेर पाऊस जितका जोरात, तितकी माणसं शेडच्या आत. शेड मूर्तींनी भरलेली असते, आणि मूर्ती पळून जाऊ शकत नाहीत. म्हणून इथे ०.४२ हा आकडा धोका कमी दाखवेल.

संख्याशास्त्राच्या पेपरात 'स्वतंत्र घटना' ही व्याख्या आपण पाठ करतो. गुणाकार करण्याआधी ती तपासायची असते, आणि तपासायला त्या गावाचं वर्षभराचं वेळापत्रक माहीत असावं लागतं. सूत्र पुस्तकातून मिळतं, पण ते लागू होतं की नाही हे जागेवरच कळतं.

याच कारणासाठी बाहेरचे आकडे जपून वापरा. ब्रिटनच्या नॅशनल ट्री सेफ्टी ग्रुपने तिथे झाड किंवा फांदी पडून माणूस मरण्याची शक्यता वर्षाला साधारण एक कोटीत एक अशी दिली आहे. आकडा दिलासा देणारा आहे. पण तो तिथल्या झाडांचा, तिथल्या हवेचा आणि संपूर्ण लोकसंख्येचा सरासरी आकडा आहे. कोकणच्या पावसात पत्र्याच्या शेडला लागून असलेल्या एका झाडाला तो जसाच्या तसा लावता येत नाही.

पोकळ झाड किती कमजोर?

आता पहिला तुकडा: मोडण्याची शक्यता. बुंध्यावर लाकडी हातोडीने ठोकलं आणि 'डब डब' आवाज आला, की निकाल लागला असं सगळ्यांना वाटतं. थोडं गणित करू.

वाऱ्याने वाकणाऱ्या खांबात सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या कडेला येतो. मधलं लाकूड फारसं काम करत नाही. बांबू पोकळ असूनही उभा राहतो तो यामुळेच. गोल बुंध्याची वाकण्याला विरोध करण्याची ताकद त्रिज्येच्या चौथ्या घातावर आधारलेली असते. आपल्या झाडाची त्रिज्या ४० सेंटीमीटर. आत २८ सेंटीमीटर त्रिज्येची पोकळी आहे, म्हणजे भिंत फक्त १२ सेंटीमीटर. बुंध्याचा ४९ टक्के भाग रिकामा. अंदाज काय होतो? निम्मी ताकद गेली. प्रत्यक्षात पोकळीचं गुणोत्तर ०.७, त्याचा चौथा घात ०.२४. म्हणजे निम्मं लाकूड गेलं तरी ताकद गेली फक्त २४ टक्के.

भिंतीची जाडी भागिले त्रिज्या हे इथे ०.३ येतं, आणि हा आकडा मुद्दाम घेतला आहे. जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथल्या क्लाउस मॅथेक यांनी १९९०च्या दशकात मोडलेल्या आणि उभ्या असलेल्या पोकळ झाडांची मोजमापं मांडून दाखवलं, की हे गुणोत्तर साधारण ०.३च्या खाली गेलं की मोडलेली झाडं वाढतात. सांगायला सोपा आकडा असल्यामुळे तो जगभर नियमासारखा पसरला.

मग आक्षेप आले. मोजलेली झाडं कशी निवडली होती? गुणोत्तर ०.३च्या खाली असूनही उभी असलेली कितीतरी झाडं आहेत, विशेषतः ज्यांचा माथा लहान आहे अशी. उलट, भरीव झाडंही पडतात. आकड्यात झाडाची उंची, वाऱ्याचा जोर, जात, काहीच नाही. शिवाय आपण वर केलेलं गणित पोकळी मधोमध आणि भिंत सलग आहे असं धरून चालतं. एका बाजूला ढोली उघडी असेल, किंवा भिंत इतकी पातळ असेल की वाकताना बुंधा चपटा होऊन फुटेल, तर ते सूत्र लागू नाही.

यातून घ्यायचं ते एवढंच: ०.३ हा आकडा 'इथे जास्त लक्ष द्या' असं सांगणारी खूण आहे. तो निकाल नव्हे. तुमच्या विषयातही असे गोल, सोपे आकडे असतील. ते कुठल्या नमुन्यावरून आले, हे एकदा मूळ शोधनिबंध उघडून बघा.

पडलेली झाडं मोजली, उभी राहिलेली कोण मोजणार?

झाडं दोन तऱ्हांनी जातात: बुंधा किंवा फांदी मोडते, नाहीतर झाड मुळासकट उपटतं. ठोकून बघण्याने मुळांचं काहीच कळत नाही. आणि खारेपाटाच्या बाजूची ओली, चिकण जमीन असेल तर चिंता मुळांचीच जास्त. पाणी वर असेल तिथे मुळं खोल जात नाहीत, पसरट राहतात. पावसाने भिजलेली माती मुळांना धरून ठेवत नाही. त्यात जोत्यासाठी, गटारासाठी किंवा पाइपासाठी बुंध्याजवळ चर खणून एका बाजूची मुळं तोडली असतील, तर वरून हिरवंगार दिसणारं झाडही फारसा वारा नसताना आडवं होतं.

म्हणून बघायचं ते असं. झुकलेलं झाड जुनं झुकलेलं आहे की नवं? जुन्या झुकावात शेंडा वळून पुन्हा वर गेलेला असतो. नव्या झुकावात खोड सरळच तिरकं होतं आणि उलट्या बाजूची माती उचललेली किंवा तडकलेली दिसते. बुंध्याच्या तळाशी कडक, फळीसारखी अळंबी आलीय का? गेल्या पाच-सात वर्षांत जवळ खोदकाम झालंय का? हा शेवटचा प्रश्न झाडाला विचारता येत नाही, घरच्यांना विचारावा लागतो. मुलाखत हीसुद्धा मोजमापाची पद्धत आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा होता. श्रीवर्धन, मुरूड, अलिबागकडच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, अंगणातली मोठी झाडं घरांवर आली. अशा वादळानंतर "कुठली झाडं पडतात" हे शोधायला जो तो पडलेली झाडं मोजतो. इथे मोठा सापळा आहे.

एक काल्पनिक हिशेब करू. एका गावात ५० झाडं पडली, त्यांत ३० आंबे आणि ५ विलायती शिरीष. निष्कर्ष: आंबा कमजोर. पण वादळाआधी गावात आंबे ६०० आणि शिरीष २० असतील तर? आंब्याचं प्रमाण ५ टक्के, शिरीषाचं २५ टक्के. निष्कर्ष उलटला. छेद ठाऊक नसेल तर नुसत्या अंशाला अर्थ नाही, आणि छेद हवा असेल तर वादळ येण्याआधी झाडं मोजलेली असावी लागतात. पुढे अजून एक पेच: ते वीस शिरीष रस्त्याकडेला असतील आणि रस्ता रुंद करताना त्यांची मुळं तुटली असतील, तर दोष जातीचा की खोदकामाचा?

काढणं आणि ठेवणं यांच्या मध्ये

"काढायचं की ठेवायचं" या प्रश्नाने तिसरा पर्याय लपवला जातो: माथा कमी करणं. वाऱ्याचा धक्का आणि तो जमिनीपासून ज्या उंचीवर बसतो ती उंची, यांचा गुणाकार बुंध्याला सोसावा लागतो. आपल्या झाडाचा माथा वीस टक्के कमी केला आणि धक्क्याचा मध्य १० मीटरवरून ८.५ मीटरवर आणला, तर भार ०.८ गुणिले ०.८५, म्हणजे ०.६८ उरतो. ३२ टक्के भार कमी झाला. पोकळीमुळे ताकद गेली होती २४ टक्के. हिशेब ढोबळ आहे, कारण फांद्या आणि पानं वाऱ्यात मुडपतात. जोराच्या वाऱ्यात पानं गुंडाळली जाऊन वाऱ्याचा धक्का कसा कमी होतो, हे स्टीव्हन व्होगेल यांनी १९८९ मध्ये वातबोगद्यात मोजून दाखवलं होतं. तरी दिशा समजायला आपला हिशेब पुरतो.

अट एकच: छाटणी म्हणजे मुंडण नव्हे. शेंडे सरसकट उडवले की कापलेल्या टोकापासून भराभर नवे धुमारे फुटतात. ते वरवर चिकटलेले असतात, आणि त्यांच्याखालचं लाकूड कुजायला लागलेलं असतं. काही वर्षांनी तेच मोडून पडतात. अमेरिकी वनखात्यातले अॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवलं, की झाडाची जखम आपल्या त्वचेसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती भिंती घालून त्याला कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवतं. म्हणून फांदी कापताना तिच्या मुळाशी असलेला फुगीर कंठ शाबूत ठेवायचा. अगदी बुंध्यालगत कापायचं नाही, आणि लांब खुंटही सोडायचा नाही.

काढायचंच ठरलं तर

तिन्ही प्रश्न तपासून, छाटणीचा पर्याय अपुरा ठरून, किंवा उघडपणे "आम्हाला जागा हवी" म्हणूनही झाड काढायचं ठरू शकतं. मग आधी परवानगी. हमरापूरसारख्या ग्रामीण भागात महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू होतो. त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर, हिरडा, ऐन अशी झाडं आहेत. स्वतःच्या अंगणातलं असलं तरी ती विनापरवानगी तोडता येत नाहीत. झाड अनुसूचीत नसलं तरी वनपरिक्षेत्र कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत विचारून, उत्तर लेखी घेऊन पुढे जाणं शहाणपणाचं.

पेण शहरासारख्या नगरपरिषद हद्दीत १९७५चा वेगळा कायदा आहे. २०२१च्या दुरुस्तीने त्यात पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांच्या झाडांना 'वारसा वृक्ष' हा दर्जा आला, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट आली. संशोधकाने इथे कान टवकारावेत: वय मोजायचं कसं? सागात वार्षिक वलयं स्पष्ट दिसतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या वलयांवरून जुन्या मॉन्सूनचा अभ्यास झालाय. पण उष्ण प्रदेशातल्या पुष्कळ झाडांत अशी भरवशाची वलयं नसतात. मग बुंध्याच्या घेरावरून अंदाज करावा लागतो, आणि घेर पाणी, माती, उन्हावर अवलंबून असतो. कायद्यातल्या एका शब्दामागे मोजमापाचा अख्खा प्रश्न उभा आहे. शोधप्रबंधाचा विषय हवा असेल तर हा घ्या.

प्रत्यक्ष तोडणीबद्दल थोडक्यात. मोकळ्या रानात झाड एका बाजूला खाच देऊन पाडतात. खाच व्यासाच्या पाव भागापर्यंत, मागून दुसरा काप, आणि मधे व्यासाच्या दहाव्या भागाएवढी न कापलेली पट्टी बिजागरीसारखी ठेवायची. ती पट्टी झाडाला दिशा देते. पण शेडला लागून असलेलं झाड असं पाडता येत नाही. ते वरून खाली तुकड्यातुकड्यांनी, दोराने उतरवावं लागतं. वजनाचा अंदाज घ्या: ८० सेंटीमीटर व्यासाचा एक मीटर लांब ओंडका म्हणजे अर्धा घनमीटर. ओलं लाकूड घनमीटरला ८०० किलो धरलं तरी तो ४०० किलोचा. तो दोरावर थोडा जरी खाली सुटून अडला, तर दोराला बसणारा झटका वजनाच्या कितीतरी पट असतो. तारा जवळ असतील तर महावितरणकडून वीज बंद करून घेतल्याशिवाय कुणालाही वर चढवू नका. पोकळ बुंध्याची बिजागरी विश्वासाची नसते, म्हणून अशा झाडावर अनुभवी माणूसच हवा. आणि हे काम मार्चमध्ये करा, जूनच्या पहिल्या पावसात नको.

खोडाचा उरलेला बुडखा वाचा

झाड गेलं की सगळे म्हणतात, "काढलं म्हणून वाचलो." हे विधान तपासता येत नाही. झाड ठेवलं असतं तर काय झालं असतं, हे आता कधीच कळणार नाही. पण एक गोष्ट तपासता येते. तोडण्याआधी तुम्ही लिहून ठेवलं असेल की "आत पोकळी असावी, भिंत साधारण १२ सेंटीमीटर", तर आता बुडखा समोर आहे. पट्टी लावा. अंदाज बरोबर निघाला तर तुमच्या ठोकून बघण्याला थोडी किंमत आली. आत लाकूड भरीव निघालं, तर पुढच्या झाडाच्या वेळी ते आठवा.

अट एवढीच की अंदाज आधी, तारखेसह, लिहिलेला हवा. बुडखा बघितल्यावर प्रत्येकालाच वाटतं, की आपल्याला हे माहीत होतं.

आता एक काम. तुमच्या घराजवळची दहा मोठी झाडं निवडा. प्रत्येकाची जात, घेर, झुकाव, अळंबी, जवळचं खोदकाम आणि खाली कोण किती वेळ असतं, हे एका वहीत पावसाआधी लिहा. प्रत्येकापुढे तुमचा अंदाजही लिहा. दिवाळीनंतर तीच वही घेऊन परत फिरा, आणि जी झाडं उभी आहेत त्यांचीही नोंद करा.